आतल्या चाकावरचा पहारा

मित्रांनो, मोठ्या बसच्या मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन चाकं जोडीनं असतात, हे तुम्ही पाहिलं असेल. बाहेरचं चाक सगळ्यांना दिसतं, आतलं कुणालाच दिसत नाही. त्या आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हवर बसवलेला, आवळ्याएवढा एक जुना सेन्सर म्हणजे मी. टायरमधली हवा कमी झाली किंवा चाक तापलं, की चालकासमोरच्या छोट्या पडद्याला कळवायचं, एवढंच माझं काम.

मला बसवलं ते डेपोतल्या मेकॅनिक बाईंनी. आतल्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही, म्हणून त्यांनी आधी बाहेरचं चाक उतरवलं. मला घट्ट आवळलं, साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडा येतो का ते डोळ्यात तेल घालून पाहिलं. आला नाही. मग बाहेरचं चाक पुन्हा चढलं आणि माझ्यापुढे अंधार झाला.

बस चालवायचे त्यांचे सासरे. त्यांचा सगळा भरवसा एका लाकडी दांडक्यावर. निघण्यापूर्वी ते टायरवर दांडका हाणत आणि आवाजावरून हवा ओळखत. त्यात त्यांचा हातखंडा होता, पण आतल्या चाकापर्यंत दांडका धड पोचत नसे. थंडीत सकाळी हवा आकसते, दाब उतरतो. तसा तो उतरला की मी इशारा द्यायचो आणि चाकं जरा फिरली की सगळं ठीक व्हायचं. असं दोनदा झाल्यावर त्यांनी माझं नाव 'रडका' ठेवलं आणि पडद्यावर फडकं टाकलं. सूनबाईंनी इशाऱ्याची मर्यादा नीट लावून दिली, तरी फडकं काही हटलं नाही.

एकदा शाळेतल्या मुलींचा पोहण्याचा संघ डोंगरापलीकडून परत आणायचा होता. बाई मुद्दाम बरोबर आल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. मुली दमून पेंगत होत्या. खिडक्यांच्या दांड्यांवर ओले टॉवेल डुलत होते. घाट उतरताना एका वळणावर आमच्या दोन चाकांच्या मध्ये काहीतरी कचकन अडकलं. दगड होता. प्रत्येक फेऱ्याला तो टायरच्या अंगात आणखी रुतत गेला आणि हवा माझ्या हातून निसटू लागली. मी कळवलं. पुन्हा कळवलं. उतार संपता संपेना. माझं चाक बसत चाललं, तसा बाहेरचा जोडीदार दोघांचंही ओझं एकटाच पेलू लागला आणि तापू लागला.

फडक्याखाली पडदा वाजत राहिला. बाईंनी फडकं उचललं आणि त्यांचा चेहरा उतरला. पण मुली घाबरतील म्हणून त्यांनी आवाज चढवला नाही, हळूच बस थांबवायला सांगितली. रडक्याचं हे रोजचंच, सासरे म्हणाले. मागे ट्रक लागलाय, इथं थांबायला जागा नाही, पायथ्याशी बघू.

"बाबा, पायथ्यापर्यंत हे चाक टिकायचं नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या कामावर विश्वास नसेल तर नसू दे. या पोरींसाठी थांबवा."

सासऱ्यांनी आरशात पेंगणाऱ्या मुलींकडे पाहिलं. पुढचं वळण जरा रुंद होतं, तिथं त्यांनी बस डोंगराच्या अंगाला घेतली.

मुलींना पुढच्या दारानं उतरवून दूर उभं केलं. मग सासऱ्यांचा दांडका बाहेरच्या टायरवर बसला. आवाज खणखणीत आला. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती निमूटपणे वाकली आणि दोन चाकांच्या फटीत हात घालू लागली. तेवढ्यात जळक्या रबराचा वास त्यांच्या नाकात शिरला. त्यांनी तिला दंडाला धरून मागे खेचलं.

"हात घालू नकोस पोरी. तापलेला टायर फुटला तर जीव घेईल."

दोघं जेमतेम मुलींपर्यंत पोचली असतील, तोच बाहेरचा टायर फुटला. ती जिथं वाकली होती तिथली खडी उडून डोंगराच्या कड्यावर आदळली. बस त्या अंगाला खचली. एक मुलगी मुसमुसू लागली, तेव्हा सासऱ्यांनी तिला जवळ घेतलं.

त्या धक्क्यात मला व्हॉल्व्हवर धरून ठेवणारे आटे चिरले. बॅटरीत अजून थोडा जीव आहे, पण माझ्याखाली आता हवा नाही. डेपोत नवा सेन्सर आला, तेव्हा सासरे बाही सरसावून सुनेशेजारी उकिडवे बसले. पाना मागून घेतला आणि म्हणाले, "आतल्याला मी आवळतो. चुकलो तर सांग."

मित्रांनो, माझ्यासारख्याचा इशारा कधी चुकतोही. चुकला तर दुरुस्त करा, पण ऐकणं सोडू नका. आणि तुमच्या आसपास कुणी दिसत नसताना ओझं वाहत असेल, तर अधूनमधून थांबून विचारा, बरं आहे ना?