‘आपलं’ लिहिलेल्या चिठ्ठ्या

साठीच्या उंबरठ्यावर बाईने लग्न केलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. कशाला केलं, आणि आता एवढं सामान ठेवणार कुठे? पहिल्या प्रश्नाला खेळाच्या बाई खळखळून हसायच्या. दुसऱ्या प्रश्नाला मात्र हसून भागेना. शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकण्यात उभी हयात घालवून त्या नवऱ्याच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड घेऊन आल्या, आणि घरातल्या प्रत्येक वस्तूला जुळं झालं. दोन इस्त्र्या, दोन किटल्या, दोन शिड्या. बाथरूमला जायचं तर खेकड्यासारखं आडवं चालत जावं लागे.

नवरोबा होते एका मोठ्या हॉटेलातले निवृत्त काउंटरवाले. ‘आपलं स्वागत आहे, ही आपली किल्ली, ही आपली पावती’ करता करता त्यांच्या जिभेला कायमचं वळण पडलेलं. माणूस लाखात एक, पण लग्नाला महिना होत आला तरी सकाळी विचारणार, “आपण चहा घेणार का?” आता हे खोलीचा नंबरही विचारतात की काय, असं बाईंना वाटे.

बाईंना एकदाच, फक्त एकदाच ‘अगं’ ऐकायचं होतं. तोवर आपण या घरात पाहुण्याच, ही सल काही केल्या जाईना. पण सांगून म्हणवून घेतलेल्या ‘अगं’ला काय अर्थ? बाई हट्टाला पेटल्या होत्या, आणि तोंडातून अक्षर काढत नव्हत्या.

शेवटी एका सकाळी त्यांनी पदर खोचला. “आज घर मोकळं करायचं! जोडीतलं एकच ठेवायचं. मी चिठ्ठ्या लावून बाजारात जाते. भंगारवाला आला की चिठ्ठ्या वाचा, सगळं कळेल.”

काउंटरवाले मान तुकवून म्हणाले, “जशी आपली आज्ञा.”

बाईंच्या सामानात ठेवण्याजोगं काही निघेचना. डुगडुगतं स्टूल, कान तुटलेली किटली, तापायला आढेवेढे घेणारी इस्त्री. काउंटरवाल्यांचं मात्र सगळं लख्ख! पितळी किटली, वेळेवर ठोके देणारं घड्याळ, आणि ती झुलती खुर्ची, जिच्यात ते रोज संध्याकाळी डोळे मिटून बसत. या चांगल्या वस्तूंवर बाईंनी चिठ्ठ्या डकवल्या. प्रत्येकीवर एकच शब्द, ‘आपलं’. खुर्चीवर डकवताना तर त्यांना मनातून गुदगुल्या झाल्या. माझं नाही, तुमचं नाही, आपलं! मग पिशवी उचलून त्या गुणगुणत जिना उतरल्या.

परत येऊन बघतात तर खुर्ची नाही. पितळी किटली नाही, घड्याळ नाही, चांगली इस्त्री नाही. होतं ते डुगडुगतं स्टूल, आणि त्यावर तोल सांभाळत बसलेले काउंटरवाले.

“खुर्ची कुठंय?”

“दिली. आपण चिठ्ठी लावली होती ना.”

“अहो, चिठ्ठी ठेवायच्या सामानाला होती!”

“त्यावर ‘आपलं’ लिहिलेलं होतं. आपलं, म्हणजे माझं.” त्यांनी डुगडुगतं स्टूल सावरलं. “मला वाटलं, माझ्या वस्तूंची आपल्याला अडचण होतेय, पण सांगायला संकोच वाटतोय. म्हणून सगळंच देऊन टाकलं. खुर्ची जरा जड गेली, एवढंच.”

बाईंना हसू आणि रडू एकदमच फुटलं. “आपलं म्हणजे आपलं हो! आपल्या दोघांचं!”

काउंटरवाले बघतच राहिले. उभ्या आयुष्यात त्या शब्दाचा हा अर्थ काउंटरवर कुणी मागितलाच नव्हता.

पण बाई तिथे होत्याच कुठे? खिळ्यावरची शिट्टी ओढून त्या रस्त्यावर पोचल्याही होत्या. लांब कोपऱ्यावर भंगारवाल्याची हातगाडी चालली होती आणि वर खुर्ची मजेत झुलत होती. बाईंनी छाती भरून शिट्टी फुंकली. दोन स्कूटर जागीच थांबल्या. हातगाडीपुढून रस्ता ओलांडणारा एक गृहस्थ एका पायावर उभा राहिला. गाडीही थांबली. मागून एकाच पायात चप्पल घातलेले काउंटरवाले ज्याला त्याला “क्षमा असावी, क्षमा असावी” म्हणत धापा टाकत आले.

“ही खुर्ची परत द्या!” बाई गाडीजवळ पोचून म्हणाल्या.

भंगारवाला वैतागला. “तुम्ही कोण? मला तर या साहेबांनी दिली. साहेब, एकदाच काय ते सांगा, खुर्ची कुणाची?”

बाईंनी कान टवकारले. काउंटरवाले कसाबसा श्वास घेत म्हणाले, “आपली.”

“माझी? मग झालं तर!” म्हणून भंगारवाल्याने गाडी ढकललीसुद्धा.

गाडी उताराला लागली, खुर्ची गदगदा हलली, आणि काउंटरवाल्यांची जन्मभराची अदब एका झटक्यात उडाली.

“अगं, बघतेस काय! धर ती खुर्ची! आपली आहे!”

बाईंनी खुर्ची धरलीच नाही. ती त्या एका पायावरच्या गृहस्थाने दुसरा पाय टेकून धरली. बाई भर रस्त्यात उभ्या राहून शिट्टीवर शिट्टी फुंकत सुटल्या.

“आता कशाला शिट्टी?” भंगारवाला कानांवर हात ठेवून ओरडला.

“सामना संपला,” बाई म्हणाल्या आणि पुन्हा फुंकली.