कळ ओढणारी विभूती

त्या उन्हाळ्यात उदगीरकर दोन गोष्टींची वाट पाहत होते, टँकरची आणि जिल्हा होण्याची. टँकर आठव्या दिवशी यायचा. जिल्हा दर महिन्याला येतो येतो म्हणायचा आणि यायचा नाही. या दोघांच्या आधी आले ते कळहारी महाराज. गावाबाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव पडला, वर फलक लागला : 'नियोजित जिल्हा उदगीर, कळमुक्त जिल्हा उदगीर.' सकाळी सातपासून रांग. गुडघेवाले, कंबरवाले, दाढवाले, सगळे कण्हत आत जायचे. महाराज चिमूटभर विभूती जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि स्वतःच "आई गं!" म्हणून कळवळायचे. म्हणजे समोरच्याची कळ त्यांनी ओढून घेतली! अर्ध्या तासात माणूस टुणटुणीत. बाहेर येऊन तो उठाबशा काढून दाखवायचा आणि रांग आणखी लांबायची.

शेजारच्या तुळजाबाईचा गुडघा असाच बरा झाला होता. तिनेच गौरम्मांना रांगेत आणून उभं केलं. गौरम्मा म्हणजे डाळीचा व्यापारी गुरुपादप्पा याची आई. चाळीस वर्षं मठासाठी हाताने विभूती करणारी बाई. शेण्या जाळायच्या, राख वस्त्रगाळ करायची, गोळे करून पुन्हा भाजायचे, पांढरेशुभ्र होईपर्यंत. कपाळावर तीन बोटं ओढल्याशिवाय त्यांनी कधी चहा घेतला नव्हता. त्यांचं स्वतःचं काही दुखत नव्हतं. दुखत होतं सुनेचं.

सून शिवकांता, वजन एकशे बावीस किलो. साखर वाढलेली, एक जिना चढला की धाप. शेवटी लातूरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून तिचं जठर कापून केळ्याएवढं केलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "आत्या, दुष्काळात अशी सून शोधून सापडायची न्हाई. दोन चमचे पाण्यात पोट भरतंय माझं." पण हसलं की टाके ओढायचे, आणि डावा खांदा असा ठणकायचा की ती उशी चावायची. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. शस्त्रक्रियेसाठी पोटात हवा भरतात, उरलेली हवा आतून टोचते आणि दुखतो खांदा. चाललं, फिरलं की जाते. प्यायला पातळ औषध दिलं होतं आणि बजावलं होतं, "अंगदुखीची कुठलीही गोळी पोटात जाऊ द्यायची नाही. आतली शिवण ताजी आहे. रक्त सुटलं तर जीव जाईल." हे गौरम्मांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं.

महाराजांपुढे मात्र त्यांना काहीच आठवेना.

"पोट कापलं आन् खांदा दुखतो?" महाराज गरजले. "हे डाक्टरच्या पुस्तकात हाय का?"

"न्हाई म्हाराज."

"कसं आसंल? खांद्यावर बसलीय ती! तुमच्या घरातली उपाशी मेलेली बाई. सून जेवना, म्हणून तिलाबी मिळंना. भुकेली हाय, म्हणून चावून राहिली."

गौरम्मांनी आठवून पाहिलं. घरातली शेवटची मेलेली बाई म्हणजे त्यांची सासू, आणि ती जिलेब्या खाऊन मेली होती. तरी त्यांनी मान डोलावली.

"ही पुडी घ्या. दिवसातून तीनदा चिमूट. बाकी दवा बंद. एका म्यानात दोन तलवारी ऱ्हात न्हाईत!"

शिवकांताने आधी तोंड फिरवलं. "डॉक्टरनं बाहेरचं काही घेऊ नको म्हणून सांगितलंय, आत्या."

"आगं, हे काय बाहेरचं हाय? विभूती हाय. विभूतीला कोण न्हाई म्हणतं?"

खरंच, कोण म्हणतं? तुरीच्या डाळीचा प्रत्येक पसा गौरम्मा खडे बघूनच घेत. टँकरचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळत. पण विभूती म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि डोळे मिटले. ती जिभेला कडू लागली असती, पण त्यांनी ती चाखलीच नाही. सुनेने चाखली, तोंड वाकडं केलं आणि गिळली.

अर्ध्या तासात कळ गायब! दोन दिवस शिवकांता अंगणात फिरली, हसली. गुरुपादप्पाने मांडवात जाऊन अकरा नारळ फोडले. पाचव्या दिवशी ती न्हाणीच्या दारात चक्कर येऊन पडली. शौचाला डांबरासारखं काळं झालं होतं.

लातूरला पोचेपर्यंत तिचे ओठ पांढरे पडले होते. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. शिवणीजवळ जखम होऊन रक्त वाहत होतं.

"कुठली गोळी घेतली?"

"एकबी न्हाई," गौरम्मा म्हणाल्या. "देवाशपथ. फक्त विभूती."

"त्यानं कळ थांबली?"

"हाव. अर्ध्या तासात."

डॉक्टर आवाज न चढवता म्हणाले, "आजी, तुम्ही चाळीस वर्षं विभूती करता म्हणे. तुमच्या विभूतीनं कधी कुणाची दाढदुखी तरी थांबली का?"

थांबली नव्हती. एकाचीही नाही. शिवकांताला रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडून सासूचा हात धरला, तेव्हा गौरम्मांना आपल्याच हाताची शरम वाटली. याच हाताने भरवलं होतं.

घरी येऊन त्यांनी चूल पेटवली. लोखंडी पळीत आपली विभूती घेतली आणि आचेवर धरली. पळी लाल झाली, विभूती होती तशी राहिली. जे एकदा जळून राख झालं ते पुन्हा जळत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मग महाराजांची पुडी त्याच पळीत ओतली. ती फुगली, पिवळी पडली, काळी झाली आणि भसाभसा धूर सुटला. घरभर जळक्या साखरेचा आणि औषधाचा वास पसरला.

दुसऱ्या दिवशी गौरम्मा रांगेत न थांबता पळी घेऊन थेट महाराजांच्या धुनीपाशी गेल्या. मागे गुरुपादप्पा. भर मांडवात त्यांनी दोन्ही विभूती एकामागोमाग तापवून दाखवल्या.

"शक्ती! शक्ती बाहेर पडून राहिली!" महाराज ओरडले.

"तुमच्या शक्तीला दवाखान्याचा वास कसा हो?"

लोक खसखसले. तेवढ्यात गुरुपादप्पाने मागचा पडदा ओढला. पलंगाखाली मिक्सर, आणि शेजारी अंगदुखीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पोतंभर.

महाराज गडबडले, पण जीभ काही थांबेना. "ह्या भक्तांनी सोडलेल्या गोळ्या हायेत. कळ गेली, म्हणून हितं टाकल्या."

"आन् मिक्सर?" गौरम्मांनी विचारलं. "चटणी वाटता का म्हाराज?"

आता मांडवच हसला. महाराज उठून जाऊ लागले, तर दाढवाल्यांनी वाट अडवली. पोलिसांना फोन गेला. रांगेतली तुळजाबाई मात्र गुडघा धरून रडवेली झाली. "पण माझी कळ खरंच गेली होती गं, गौरम्मा."

"गेली होती, बाई. गोळीनं गेली होती. माझ्या सुनेचीबी गेली, आन् आत पोट वाहत होतं ते कळंना. कळ म्हणजे घरातला कुत्रा हाय. भुंकतोय म्हणून त्याचं तोंड बांधलं, तर चोर दिसत न्हाई." त्यांनी कपाळावरच्या पट्ट्यांना हात लावला. "मी विभूती जन्मभर लावली, उद्याबी लावीन. पण कपाळाला. दुखणं देवाचं न्हाई, भुताचं न्हाई, अंगाचं हाय. शिवणीचं दुखणं शिवण भरंल तसं जातं, चालत, चमचा चमचा पाणी पीत, डाक्टरला इचारत. त्याला महिना लागतो. अर्ध्या तासात घालवतो म्हणणाऱ्याला आधी इचारा, तोंडात काय घालून राहिलास? मी इचारलं न्हाई."