गाव सांगणारा माणूस

“नाना, आज मी बोलते. तुम्ही बसा आरामात,” म्हणत सुकन्यानं गहिनीनाथनानांच्या हातातला माईक अलगद काढून घेतला.

नाना बसले, पण आराम कसला! पारनेरकडच्या या गावानं डोंगरावर चर खोदले, बांध घालून तलावात पाणी अडवलं. ते बघायला गावोगावचे पाहुणे येत आणि त्यांना गाव सांगायचं काम कित्येक वर्षं नानांचं. कुठल्या वाक्याला टाळी पडते, कुठे आवंढा गिळायचा, सगळं पाठ. आता ग्रामपंचायतीनं जनसंपर्काचा कोर्स केलेली ही कालची पोर त्यांच्या डोक्यावर आणून बसवली होती. नानांचा नुसता जळफळाट चालला होता.

“बघ, आता आकडं वाचल न् पाहुनं जांभया देत्याल,” ते शेजारच्या वाल्मिकला म्हणाले.

सुकन्यानं आकडे वाचलेच नाहीत. तिनं पाहुण्यांनाच विचारलं, तुमच्या घरी पाणी कोण भरतं? बायका हसल्या, बोलू लागल्या. नानांच्या भाषणात मागची रांग हमखास मोबाईलमध्ये असायची. आज एकाचीही मान खाली नव्हती. देवा, एकदा तरी हिची जीभ अडखळू दे, असं नानांनी खरोखर मनात म्हटलं.

मग ती मंडपाच्या कडेला पेले विसळत बसलेल्या रंगुबाईपाशी गेली. रंगुबाई म्हणजे नानांची बायको.

“काकू, बांधाच्या कामावर तुम्ही होता ना? सांगा की.”

“ती काय सांगनार! तिला बोलता येत न्हाई,” नाना बसल्या जागेवरून ओरडले.

सुकन्या रंगुबाईसमोर उकिडवी बसून वाट बघत राहिली.

“दगुड वाहत हुते,” शेवटी रंगुबाई म्हणाली. “तिसरा म्हैना लागल्याला. ह्यान्ला अजून सांगितलं नव्हतं. दुपारी पोटात कळा आल्या, झाडाखाली गेले, तितंच समदं गेलं. दुसऱ्या दिशी पुन्ना पाटी उचलली. हे म्होरके. घरचीच बाई बसली तर लोक काय म्हनत्याल?”

कुणी टाळी वाजवली नाही. नाना सुन्न झाले. तशातही त्यांना सुकन्याचा हेवा वाटला, पहिल्यापेक्षा जास्त. जे नवऱ्याला कधी कळलं नाही, ते या पोरीला एका प्रश्नात मिळालं होतं.

पाहुणे जेवायला उठल्यावर ते बायकोजवळ गेले.

“मला का न्हाई सांगितलंस?”

“कव्हा सांगू? तुमी बोलत आसायचा.” तिच्या आवाजात राग नव्हता.

नाना खाली बसले. तोंडाशी आलेलं बरंच काही त्यांनी गिळलं.

“कुठल्या झाडाखाली?”

रंगुबाईनं ओल्या हातानं तलावाकडे दाखवलं.

“बाभूळ हुती तितं. आता पानी हाय.”