आप्पांनी बसवलेला प्रोसेसर

आप्पांचा उजवा हात थरथरायला लागला आणि त्या घरात खोटं बोलण्याची साथ आली. कप आप्पांच्या हातून निसटायचा आणि त्यांची बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "माझंच चुकलं, मीच काठोकाठ भरला होता!" चष्मा खाली पडला की मुलगा म्हणायचा, मीच तो टेबलाच्या कडेला ठेवला होता. पाच वर्षांच्या नातीला अजून स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नव्हती, पण फुटलेल्या बशीसमोर उभं राहून "मी फोडली" म्हणायला ती बरोबर शिकली होती. आप्पा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "अरे वा! म्हणजे या घरात माझा सोडून सगळ्यांचेच हात कापतात."

या साथीतून बचावली होती ती एकटी धाकटी. धाकटी म्हणजे आप्पांची दुसरी सून. थोरली तिच्या नवऱ्याबरोबर परगावी राहायची, त्यामुळे घरात सून म्हणून हीच, पण नाव पडलं ते पडलंच. घर वर आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान खाली. लग्न होऊन आली तेव्हा धाकटीला कॉम्प्युटर चालू आणि बंद करता यायचा, एवढीच तिची विद्या. पुढचं सगळं आप्पांनी शिकवलं. कॅबिनेट कसं उघडायचं, मदरबोर्ड कडेला धरून कसा उचलायचा, कुठली वायर कुठल्या टोकाला जाते, सगळं. ती आप्पांना लाडीगोडी लावत नसे. स्क्रू तिरका चालला तर "आप्पा, तिरका चाललाय" असं तोंडावर सांगायची. आप्पांना याचंच बरं वाटायचं. दुकानातल्या त्या टेबलापाशी ते म्हातारे नव्हते आणि आजारी तर मुळीच नव्हते.

धाकटीच्या नवऱ्याला मात्र वाटायचं, आप्पांनी आता पुरे करावं. तो गिऱ्हाईक आणि बाहेरची कामं बघायचा, आणि नको तेव्हा विषय काढायचा. एकदा आप्पा वैतागून म्हणाले, "गिऱ्हाइकाची वस्तू माझ्या हातून बिघडली ना, की त्या दिवशी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवीन. तू सांगायची वाट बघणार नाही. तोवर गप्प बस." आप्पा शब्दाचे पक्के होते हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे मुलगा गप्प बसला आणि वाट बघू लागला.

अशात एक दिवस नकाशेवाल्या बाईंचं काम आलं. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या या बाई दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला होता. नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, दुपारी घेऊन जायचं. आप्पांनी सकाळीच खोकं पुढे ओढलं. "हा मी बसवतो," ते म्हणाले.

त्यांनी बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला आणि सॉकेटची तार उचलली. सॉकेट म्हणजे प्रोसेसरची बैठक. तिच्यात हजारावर पिना असतात, केसापेक्षा जाड नाहीत आणि केसाइतक्या समजूतदारही नाहीत. एक वाकली की बोर्डाचं काहीतरी बिनसलंच. आप्पांनी मनगट टेबलाच्या कडेवर टेकवलं, श्वास धरला, आणि झोपलेलं पोर गादीवर ठेवावं तसा प्रोसेसर खाली ठेवला. तेवढ्या क्षणापुरता त्यांचा हात ऐकायचा. तार दाबली, वरची काळी टोपी टक् करून निघाली. मग त्यांनी प्रोसेसरच्या पाठीवर वाटाण्याएवढी थंडाव्याची पेस्ट लावली, पंखा बसवला, स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने आवळले आणि सासूबाईंची हाक आली म्हणून जेवायला वर गेले.

धाकटी त्या वेळी फोनवर एका गिऱ्हाइकाशी बोलत होती. तिने आप्पांना पाहिलं नाही, फक्त ती टक् ऐकली. आणि त्या टक्‌ने तिच्या डोक्यात घर केलं. टोपी निघाली, की हात घसरून काही आपटलं? एकदा बघून घेतलेलं काय वाईट? आप्पांना कळणारही नाही, आणि काही चुकलं असेल तर गुपचूप सुधारता येईल. नवरा प्रिंटर पोचवायला गेला होता. दुकानात ती एकटीच होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते तेव्हा कुणाला सुचतं!

तिने पंखा काढला, तार उचलली, प्रोसेसर बाहेर घेतला आणि भिंगातून पाहिलं. सगळ्या पिना नुकत्याच विंचरलेल्या केसांसारख्या एका बाजूला कललेल्या. एकही इकडची तिकडे नव्हती. तिला इतकं बरं वाटलं आणि इतकी लाज वाटली, की तिने पटकन सगळं पुन्हा बसवायला घेतलं. त्या घाईत प्रोसेसरवरची पेस्ट ओघळली आणि ठिपकाभर सॉकेटमध्ये पडली.

आप्पांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सॉकेटला फडकं लावायचं नाही. काही पडलं तर थांबायचं आणि मला हाक मारायची. तेवढ्यात वर खुर्ची सरकली. आप्पांचं जेवण झालं होतं. हाक मारायची म्हणजे आधी सांगायला हवं, की आप्पा, तुमच्या हातावर विश्वास नव्हता म्हणून मी उघडून पाहिलं. धाकटीने फडक्याचा कोपरा घेतला आणि ठिपका टिपला. फडक्याचा दोरा कशात तरी अडकला, तिने ओढला, आणि बोटांना अगदी बारीकसं काहीतरी जाणवलं. जिन्यावर पावलं वाजत होती. भिंग उचलायला वेळ नव्हता, किंवा खरं सांगायचं तर धीर नव्हता. तिने प्रोसेसर ठेवला, पेस्ट लावली, पंखा आवळला.

"जेवलीस का गं?" आप्पांनी आल्या आल्या विचारलं.

"हो," ती म्हणाली. ती जेवली नव्हती.

दुपारी नकाशेवाल्या बाई आल्या, नवराही परतला. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसला होता, वायरी लागल्या होत्या, रॅमच्या दोन पट्ट्या आपापल्या खाचांत होत्या. धाकटीने बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला, सेटिंगचं पान आलं. बाई खूश झाल्या. आप्पा मात्र पुढे वाकले. रॅम अर्धीच दिसत होती. दोन पट्ट्यांपैकी एक बोर्डाच्या लेखी नव्हतीच.

"पट्ट्या बदलून बघ," आप्पा म्हणाले. तिने बदलल्या. तेच. एकेक लावून पाहिली. पट्ट्या दोन्ही चांगल्या होत्या, बोर्डावरची एक खाच बोलत नव्हती. खाचेची प्रोसेसरशी गाठ पिनांमधूनच पडते, हे आप्पांना माहीत होतं. ते हळूच म्हणाले, "प्रोसेसर काढा. पिना बघू."

धाकटीने पंखा काढला. नवऱ्याने प्रोसेसर काढला, मोबाइलचा उजेड पाडला, भिंग धरलं. "तीन वाकल्यात," तो म्हणाला.

"मीच बसवला होता," आप्पा म्हणाले.

आता बोलायची वेळ होती. कुणी तिचं तोंड दाबलं नव्हतं. आप्पांनी तिच्याकडे संशयाने पाहिलंही नव्हतं, पाहिलं असतं तर कदाचित ती बोलली असती. ज्या घरात पाच वर्षांची पोर दुसऱ्याची बशी आपल्या अंगावर घ्यायची, त्या घरातल्या या सज्ञान बाईला स्वतःची चूक स्वतःच्या अंगावर घेता आली नाही.

"असू द्या हो काका," नकाशेवाल्या बाई म्हणाल्या, "होतं कधीतरी."

"होतं खरं," आप्पा हसून म्हणाले. "चला, सुटलो." त्यांनी स्क्रूड्रायव्हर खणात ठेवला आणि खण बंद केला. दुकानातला दुसरा बोर्ड काढून धाकटीने तो बसवला. तो पहिल्या फटक्यात चालू झाला.

त्यानंतर आप्पा दुकानात यायचे, पण गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचे. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. कुणी आलं की "बसा, बसा" म्हणत स्वतःच उठायचे. वर घरात त्यांनी कप धरणंच सोडलं. सासूबाईंनी चहा बशीत ओतून तोंडाशी धरला तर प्यायचे, नाही तर राहू दे म्हणायचे. आता काही सांडत नव्हतं, फुटत नव्हतं आणि कुणाला खोटं बोलावं लागत नव्हतं. घर एकदम गप्प झालं होतं. आपण आप्पांच्या हातावर संशय घेतला आणि तो हात आपणच मोडला, असं धाकटीला बसता उठता वाटायचं, आणि ते काही चूक नव्हतं.

शेवटी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "कधीतरी थांबायलाच हवं होतं त्यांना. सुंठीवाचून खोकला गेला. आता उकरून काढू नकोस."

"खोकला?" धाकटी म्हणाली. "अरे, बाप आहे तुझा!"

"म्हणूनच सांगतोय. आत्ता कुठे त्यांनी मनाची तयारी केलीय, आता परत हलवू नकोस त्यांना." तिने मान डोलावली. खरं तर तिलाही तेच ऐकायचं होतं, आणि ते ऐकून तिला स्वतःचाच राग आला.

असंच चाललं असतं. पण एका सकाळी ती मागच्या खोलीतून जुनं कॅबिनेट घेऊन आली, तर आप्पा टेबलापाशी उभे. समोर भंगारातला एक बोर्ड, हातात मेलेला प्रोसेसर. मनगट कडेवर टेकलेलं. ते प्रोसेसर ठेवत होते, उचलत होते, वाकून पिना बघत होते आणि पुन्हा ठेवत होते. शाळेतली पोरं पाटीवर अक्षर गिरवतात तसं. तिची चाहूल लागताच ते दचकून मागे झाले.

"धूळ पुसत होतो," आप्पा म्हणाले.

आप्पांना परत बसायचं होतं. नुसतं कुणीतरी बसा म्हणायला हवं होतं. धाकटीने कॅबिनेट जमिनीवर ठेवलं.

"आप्पा, त्या पिना तुम्ही नाही वाकवल्या. मी वाकवल्या."

आप्पांनी हातातला प्रोसेसर टेबलावर ठेवला.

"तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी प्रोसेसर काढून पाहिला. तुम्ही बरोबर बसवला होता, एकही पिन हलली नव्हती. मग पेस्ट पडली, आणि मी फडक्याने पुसली."

"फडक्याने?"

"हो."

आप्पांचा चेहरा उजळला. तिला वाटलं, सुटलो आपण दोघंही. पण आप्पा मोठ्याने हसायला लागले. "अगं, खोटं बोलावं तर पटेल असं तरी बोल! सॉकेटला फडकं? तू? मी शिकवलेली पोर?"

"आप्पा, खरंच सांगतेय. यांना विचारा, मी यांना सांगितलंय."

नवरा शटरपाशी कुलूप हातात घेऊन उभा होता. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बापाकडे. "खरं आहे आप्पा," तो म्हणाला. शेवटी तोही त्यांचाच मुलगा.

"म्हणजे दोघांचं ठरवून झालंय," आप्पा म्हणाले. "छान. चष्मा तू ठेवला होतास, चहा तुझ्या आईने भरला होता, आणि आता पिना हिने." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "तू तरी राहिली होतीस गं. शेवटी तुलाही लागण झालीच."

धाकटी रडायला लागली. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. टक् आवाज, भिंग, वर सरकलेली खुर्ची, दोरा. जितकं बारकाईने सांगावं तितके आप्पा जास्तच मायेने ऐकत होते. रडणाऱ्या माणसाला थोपटतात तसं त्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं, आणि तो थरथरता हात तिच्या केसांवर थांबता थांबेना.

"पुरे आता," ते म्हणाले. "तुला खरं सांगू? माझं मन डळमळत होतं. वाटत होतं, एकदा चुकलं म्हणून काय झालं, बसावं परत. पण माझ्यासाठी तुझ्यासारखीला खोटं बोलावं लागत असेल, तर मी तिथं बसूच नये. आता कसं पक्कं झालं. आणि टेबल कुणाच्या हाती जातंय याची काळजी होती, तीही मिटली."

त्यांनी खण उघडला, स्क्रूड्रायव्हर काढून तिच्या हातात दिला आणि तिची बोटं त्यावर मिटवली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक नव्या मदरबोर्डाचं खोकं छातीशी धरून आत आलं आणि सवयीने आप्पांकडे गेलं.

"माझ्याकडे नाही, तिच्याकडे द्या," आप्पा म्हणाले. "तिचा हात चुकत नाही."

मग ते जिना चढायला लागले, आणि अर्ध्यावर थांबून मागे वळले. "तू काय म्हणालीस ते तुझ्या सासूला सांगतो हं. तिला फार बरं वाटेल."

धाकटीने डोळे पुसले, खोकं घेतलं, बोर्ड बाहेर काढला. वर आप्पांचा आवाज घुमत होता, मधेच ते हसत होते. मग सासूबाई काहीतरी म्हणाल्या, आणि थोड्याच वेळात जिन्याच्या टोकाशी येऊन त्यांनी खाली हाक मारली, "गुणाची गं बाई माझी!"

गिऱ्हाईक हसून म्हणालं, "तुमच्या घरातली माणसं फार चांगली आहेत हो."

"हो," धाकटी म्हणाली.