नागल्याच्या बांधावरचा कोल्हा

इशिताने पक्षीगणनेसाठी नागल्याचा पट्टा मागून घेतला, तेव्हा तिच्या नवऱ्याने, प्रितेशने, एकच अट घातली. "एकटी जायचं नाहीस. मला रविवारी ड्युटी आहे. बाबांना घेऊन जा, नाहीतर जाऊच नकोस."

बाबा म्हणजे आत्माराम राऊत. गिरीजला त्यांची केळी-नारळाची वाडी होती. मुलगा-सून चंदनसारला फ्लॅटमध्ये राहायचे. लग्नाला तीन वर्षं झाली तरी इशिताचं सासऱ्यांशी बोलणं 'जेवलात का'च्या पुढे फारसं गेलं नव्हतं. रविवारी सकाळी ती गाडी घेऊन गिरीजला पोचली, तेव्हा ते बूट-मोजे घालून, पिशवीत केळी घेऊन रस्त्यावरच उभे होते.

सातिवलीवरून हायवे धरून ती दोघं ससूनवघरला आली. राष्ट्रीय उद्यानाचा खाडीअलीकडे राहिलेला तुकडा, म्हणजे नागला, इथून सुरू होतो. एका बाजूला डोंगर आणि जंगल, दुसऱ्या बाजूला तिवरं आणि वसईची खाडी. गणनेपुरती गाडी आत नेण्याची परवानगी इशिताने घेतली होती. चौकीवर हंसा नावाची वनरक्षक होती. तिने कागद पाहिला, पण परत दिला नाही.

"ताई, आज पायी फिरू नका," ती म्हणाली. "कालपासून एक कोल्हा फिरतोय. दिवसाढवळ्या. आमच्या तिन्ही कुत्र्यांना चावला. गाडीतच बसून काय मोजायचं ते मोजा. आन् आज अमावस्या हाय. बाराच्या आधी पानी बांधाला लागेल. त्याच्या आत माघारी या."

"कोल्हा माणसाला काय करतोय?" आत्माराम हसले. "पूर्वी आमच्या वाडीत रोज यायचे. हाड म्हटलं की पळायचे."

हंसा हसली नाही. चौकीमागे झाडाला दोन कुत्रे दोरीने बांधलेले होते आणि आपापल्या जखमा चाटत होते.

"तिसरा कुठे?" इशिताने विचारलं.

"सापडत नाय."

बांधावरचा कच्चा रस्ता एका गाडीपुरताच होता. ओहोटी होती, खाडीतला चिखल लांबवर उघडा पडला होता. अशा वेळी इथे शेकाट्यांचे आणि तुताऱ्यांचे थवेच्या थवे चरत असतात. मागच्या जानेवारीत इशिताने एका तासात चारशे मोजले होते. आज चिखलावर एक बगळा होता. गाडीचा आवाज नसतानाही तो अचानक उडाला आणि पलीकडच्या काठावर जाऊन बसला. तिने वहीत 'एक' लिहिलं आणि काचा वर केल्या.

"सगळे गेले कुठे?" ती म्हणाली.

"काहीतरी बिनसलंय," आत्माराम म्हणाले.

जुन्या बंदरापर्यंत जाऊन, मोजता आलं तेवढं मोजून ती दोघं परत फिरली, तेव्हा अकरा वाजत आले होते. पाणी तिवरांच्या मुळांत शिरलं होतं. एका वळणावर इशिताने करकचून ब्रेक दाबला.

कोल्हा रस्त्याच्या मधोमध उभा होता. लख्ख ऊन होतं आणि तो तिथे डोकं खाली घालून, एका अंगाला कलून, डुलत होता. खालचा जबडा लोंबत होता. त्यातून लाळेची तार थेट मातीपर्यंत आली होती. इशिताने हॉर्न वाजवला. तो हलला नाही. तिने पुन्हा वाजवला, तशी त्याने मान उचलली आणि सरळ गाडीवर चालून आला. बंपरवर दात घासल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

"मागे घे! मागे घे!" आत्माराम ओरडले.

तिने गाडी रिव्हर्सला टाकली. घाईत मागचं डावं चाक बांधाच्या कडेवरून घसरलं आणि गाडी खाडीच्या बाजूला कलली. तिने ॲक्सिलरेटर दाबला तसं चाक चिखलात आणखीच रुतलं. कोल्हा अडखळत गेला आणि तिवरांत दिसेनासा झाला.

फोनला एकच काडी रेंज होती, तरी चौकीवर फोन लागला. हंसा म्हणाली, "उतरू नका. मी मानसं घेऊन येते. अर्धा तास लागेल."

अर्धा तास नव्हता. दहाच मिनिटांत पाणी रुतलेल्या चाकाला लागलं आणि कडेची माती ढासळायला लागली. गाडी हळूच, कण्हल्यासारखा आवाज करत, आणखी कलली.

आत्मारामांनी मागच्या सीटवरचा दुर्बिणीचा ट्रायपॉड घेतला. "चाकाखाली दगड लावतो. तू चालव."

"बाबा, नको. तो इथेच आहे कुठेतरी."

"मला गाडी येत नाही, तुला येते. मग उतरणार कोण?"

ते उतरले. आरशात इशिताला त्यांची वाकलेली पाठ दिसत होती. एक दगड. दुसरा. बांधाचा ढासळलेला भाग उपसून ते तिसरा दगड आणत होते, तेव्हा त्यांच्या मागे तिवराची फांदी हलली. तिने हॉर्नवर तळहात दाबून धरला आणि किंचाळली. पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनी दिसलं. वर गेलेला ट्रायपॉड. त्याच्या पायाला दात रोवून लोंबकळणारा कोल्हा. चिखलात एका गुडघ्यावर बसलेले बाबा.

"चालव!" ते ओरडले.

चाकाने दगड पकडला. गाडी हिसका देऊन वर आली. मागचं दार उघडलं, ट्रायपॉड आत आदळला आणि आत्माराम धापा टाकत सीटवर पडले.

"लागलं का कुठे?"

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना!"

वाटेत भेटलेल्या हंसानेही तेच विचारलं आणि तिलाही तेच उत्तर मिळालं. गिरीज येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते.

घरी कोणी नव्हतं, सासूबाई लेकीकडे बोळिंजला गेल्या होत्या. आत्माराम तडक वाडीतल्या नळावर गेले. इशिताने सामान काढायला गाडीचं मागचं दार उघडलं आणि ट्रायपॉडला हात घालणार तोच ते ओरडले, "हात लावू नकोस त्याला! लाळ आहे त्याच्यावर!"

बांधावरचं सोडलं तर इतक्या मोठ्या आवाजात ते तिच्याशी कधीच बोलले नव्हते. तिने वळून पाहिलं. ते एका पायावर साबण चोळत होते, चोळतच होते. मोजा बाजूला पडला होता आणि त्याला घोट्याजवळ दोन भोकं होती.

"बाबा," ती म्हणाली. "तुम्ही खोटं बोललात."

त्यांनी मान वर केली नाही. "उद्या जाऊन इंजेक्शन टोचून घेणार होतो. गुपचूप. प्रितेशला कळलं तर तो तुझं जाणं कायमचं बंद करेल. तेवढी एक गोष्ट तू स्वतःसाठी करतेस."

इशिता खाली बसली, नळ पूर्ण सोडला, आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं त्यांचा घोटा धूत राहिली. मग म्हणाली, "उद्या नाही. आत्ता."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी जखमेत रेबीजवरचं सिरम टोचलं, तेव्हा आत्मारामांनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं. लसही त्याच दिवशी सुरू झाली. "वेळेत आलात," डॉक्टर म्हणाल्या. "सगळे डोस घेतलेत तर घाबरायचं कारण नाही."

संध्याकाळी प्रितेश आला. चिडला, रडवेला झाला, बायकोकडे पाहून म्हणाला, "आता पुरे तुझे पक्षी." आत्माराम पलंगावरून शांतपणे म्हणाले, "ती जाणार. मी बरोबर असेन."

चौथ्या दिवशी हंसाचा फोन आला. कोल्हा तिवरांत मरून पडलेला सापडला होता. तपासणीत तो पिसाळलेलाच निघाला. "आन् तो तिसरा कुत्रा, ताई," ती म्हणाली, "अजून नाय सापडला. गावाकडं गेला म्हनतात."

सगळे डोस झाले. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. जखमेची खूण पुसट झाली. तरी इशिता रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी गिरीजला व्हिडिओ कॉल लावते. हा रोग अंगात भिनला की पाणी गिळवत नाही, हे दोघांनाही माहीत आहे, पण कोणीच बोलून दाखवत नाही. आत्माराम पाण्याने भरलेला पेला कॅमेऱ्यासमोर धरतात, तिच्या देखत रिकामा करतात आणि म्हणतात, "गेलं बघ खाली. जा आता, उशीर होईल."

काल दुसऱ्याच घोटाला त्यांना ठसका लागला. पेला हातात तसाच राहिला. दोघंही एकमेकांकडे पाहत राहिली, पलीकडे वाडीत पंपाचा आवाज येत होता. मग त्यांनी डोळे मिटले, पेला पुन्हा ओठांना लावला, आणि इशिता त्यांच्या गळ्याकडे पाहत घोट मोजू लागली.