कोरडा गारवा

दारातून आत पाऊल टाकताच सगळ्यांच्या तोंडून "वा!" निघालं. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत अंगावर काटा येईल असा गारवा. कंपनीच्या मालकीणबाई हसून म्हणाल्या, "अहो, शाल आणायला हवी होती!"

एकटी आर्किटेक्ट गप्प होती. हे ऑफिस संकुल तिनेच आखलेलं. एसी नाहीच. जाड मातीच्या विटांच्या भिंती, गच्चीवर वाऱ्याचे उंच मनोरे आणि मनोऱ्यांच्या तोंडाशी पाण्याने भिजते पडदे. वारा त्या पडद्यांतून गार होऊन खाली उतरणार, अशी योजना. बाहेरच्यापेक्षा आत बरं वाटेल, एवढीच तिची अपेक्षा होती. हे मात्र अति होतं. शिवाय हवा कोरडी होती. ओल्या पडद्यांतून आलेल्या हवेला थोडा दमटपणा नको?

बांधकाम तिच्या थोरल्या भावाकडे होतं. आईवडलांच्या माघारी त्यानेच तिला वाढवलं, शिकवलं.

"दादा, जरा जास्तच गार नाही वाटत?"

"तुझ्या हाताला यश आहे, चिऊ," म्हणत तो घाईने पुढे सटकला.

दादा आणि कौतुक? ती कॉलेजात पहिली आली तेव्हा हा माणूस विचारत होता, "बाकीच्यांना ताप होता का?" तिच्या मनात पाल चुकचुकली.

संध्याकाळी तिने वहिनीला फोन लावला. "दादा साइटबद्दल काही बोलतो का गं हल्ली?"

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं?"

सिमेंटच्या गोणीगोणीवर नजर ठेवणारी वहिनी असं म्हणाली, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतच होतं. ती नाही नाही ते मनात आणू लागली. दादाने विटा बदलल्या की काय? पैसे वाचवले की काय? सख्ख्या भावाबद्दल असं सुचावं याची लाज वाटत होती, पण विचार काही थांबेनात.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती कुणाला न सांगता साइटवर गेली. एका कोपऱ्यात भिंत किल्लीने खरवडून पाहिली. वीट मातीचीच निघाली. मग ती गच्चीवर चढली. मनोऱ्यांचे पडदे खडखडीत वाळलेले, त्यांवर धुळीचा थर. आत डोकावली तर वाट प्लायवूड ठोकून बंद केलेली. तिचा वारा इमारतीत शिरतच नव्हता! मग खाली गारवा कसला?

उपाहारगृहामागे बागेच्या अवजारांची खोली होती. दाराला कुलूप. तिने तळवा टेकवला, दार थरथरत होतं. तेवढ्यात मागून दादा आला.

"किल्ली दे."

"रंगाचे डबे आहेत गं आत."

"रंगाचे डबे घरघरतात का, दादा?"

त्याने मुकाट्याने दार उघडलं. आत भलंमोठं कूलिंग मशीन, त्याचे नळ फरशीखाली गेलेले.

"मनोरे चालवून बघितले होते मी," तो खाली बघत म्हणाला. "आत उकडलं. तुला सांगायचा धीर झाला नाही. उद्या हरित इमारतीच्या प्रमाणपत्रासाठी तपासणीला माणसं येणार, तुझी फजिती झाली असती."

"बघितलंस तेव्हा खिडक्या उघड्या होत्या?"

"रंगकाम चाललं होतं. धूळ नको म्हणून बंद ठेवल्या होत्या."

"अरे, हवा बाहेर पडली नाही तर नवी आत येणार कुठून?" तिचा आवाज चढला. "माझ्यावर विश्वास नव्हता, हे तोंडावर सांगायचंस!"

"तुझ्यावर होता. उन्हाळ्यावर नव्हता."

तिला रडू आणि हसू एकदमच आलं. पण मशीन तिने तिथल्या तिथे बंद करायला लावलं. दादाने स्वतः गच्चीवर जाऊन प्लायवूड उपटलं आणि पाणी सोडलं.

तपासणीच्या दिवशी खालचे मजले छान निवाले. वरच्या मजल्यावर मात्र पश्चिमेची बाजू तापली. ही चूक दादाची नव्हती, तिच्या आराखड्याची होती. तिने तपासनिसांना तेही सांगितलं आणि मशीनही दाखवलं. मालकीणबाईंचा चेहरा उतरला. "आता तुमच्या कुठल्या भिंतीवर विश्वास ठेवायचा?" त्यांनी विचारलं. प्रमाणपत्र लांबणीवर पडलं. मालकीणबाई पुढे कितीतरी दिवस स्वतः येऊन खोल्या उघडून बघत.

तिने पश्चिमेला उभ्या लाकडी पट्ट्यांची सावली आखली. ती बसवायला दादा स्वतः परांचीवर चढला. "डावीकडे घे," ती खालून ओरडली.

"दिसतंय मला," तो वरून खेकसला, आणि पट्टी डावीकडे सरकवली.