टॅग न काढलेली सॅक

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. जर्सी सिटीतल्या एका उंच इमारतीत, इस्त्रीच्या टेबलामागच्या कपाटात माझा मुक्काम असतो. माझी एक चेन नीट लागत नाही, पट्ट्यांतला फोम बाहेर डोकावतो आणि अंगाला तलावाच्या पाण्याचा वास येतो. या गोष्टींची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती मला विकत आणणाऱ्या गृहस्थाची. त्याचं नाव केदार.

व्हिएतनाममधल्या एका कारखान्यात मला दुहेरी शिवणीने शिवलं. कापड असं, की खडकावर घासलं तरी फाटू नये. मग जहाजाने मी न्यू जर्सीला आले आणि मॉलमधल्या एका मोठ्या दुकानात तंबूंच्या शेजारी टांगली गेले. आपल्याला कोणी तरी पाठीवर घेऊन डोंगर चढणार, असं मला वाटायचं. नवी होते, म्हणून वाटायचं.

दोन हजार सहाच्या मार्चमध्ये केदार आला. हा मूळचा पुण्याचा, नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये एका बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात काम करणारा. सोबत त्याची बायको नेत्रा होती. ती नागपूरची. लग्नाआधी तिथल्या क्लबच्या तलावावर ती मुलांना पोहायला शिकवायची. अमेरिकेत नवऱ्याच्या व्हिसावर आल्यामुळे तिला नोकरी करता येत नव्हती, आणि इमारतीत तलाव नव्हता, कारण तलाव असलेल्या इमारतीचं भाडं केदारला उधळपट्टी वाटली होती.

दोघांना बुडापेस्टला जायचं होतं. आडहंगामातलं स्वस्त तिकीट मिळालं, म्हणून बुडापेस्ट. बर्फाळ ग्रीनलंडचं मिळालं असतं तर हा माणूस तिथेही गेला असता.

घरी पोचताच त्याने माझा किमतीचा टॅग उलटा करून आतल्या खिशात खोचला. ही विद्या त्याला त्याच मजल्यावर राहणाऱ्या अनिलकाकांनी दिली होती. काका तीस वर्षांपासून अमेरिकेत होते आणि तेवढंच शिकले होते.

"टॅग तोडायचा नाही, पावती जपायची," काका सोफ्यावर बसून सांगत होते. "आमच्याकडे पाहुणे आले की एअर मॅट्रेस आणतो, गेले की दुकानात रिटर्न, पूर्ण पैसे परत. काही विचारत नाहीत रे इथे."

तो सोफाही सांगण्यासारखा आहे. त्याचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. बसलं की करकरायचा. टीव्हीचा खोका पलंगाखाली, मिक्सरचा खोका टीव्हीच्या खोक्यात. दोन वर्षांत इंडियात परत जायचंय, असं केदार येईल त्याला सांगायचा. मी कपाटात गेले तेव्हा तिथल्या सुटकेसने मला हसून सांगितलं, की ही दोन वर्षं ती चार वर्षांपासून ऐकते आहे.

थोडक्यात, मी प्रवासाला निघाले ती दुकानात परत जाण्यासाठीच. मला डाग पडता कामा नये, ओल लागता कामा नये. पोह्यांची पाकिटं, थेपले आणि मेतकूट केदारने तीन-तीन पिशव्यांत गुंडाळून भरलं. नेत्राने मात्र तो झोपल्यावर अगदी तळाशी एक जुनी ओढणी ठेवली. ओढणीत तिचा पोहण्याचा पोशाख होता. त्या शहरात जमिनीतून गरम पाणी येतं आणि मोठमोठ्या जुन्या इमारतींत त्याचे उघडे हौद आहेत, हे तिने वाचलं होतं. बाकी काही पाहिलं नाही तरी चालेल, त्या पाण्यात एकदा उतरायचं, असं तिने ठरवलं होतं. ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती.

बुडापेस्टमध्ये केदारने जे केलं त्याला तो बजेट ट्रॅव्हल म्हणतो. मी त्याला चिकटपणा म्हणते. चर्चला तिकीट असेल तर दारासमोर फोटो. संग्रहालयाला तिकीट असेल तर पायरीवर फोटो. किल्ल्यावर जायला गाडी होती, पण आम्ही चढून गेलो, आणि वर पोचल्यावर दम लागल्यामुळे त्याला दृश्य दिसलंच नाही. एक तरुण मुलगी लोकांना फुकट शहर दाखवायची आणि शेवटी लोक तिच्या टोपीत खुशीने पैसे टाकायचे. बिचारीने घसा कोरडा करून सकाळभर इतिहास सांगितला. टोपी निघाली तशी केदारला एकदम पूल बघायची घाई झाली. नेत्राने मागे वळून त्या मुलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याच्या पाठीवर मी होते, मला मान खाली घालायचीही सोय नव्हती.

शेवटच्या दिवशी नेत्रा त्याला त्या स्नानगृहासमोर घेऊन गेली. पिवळी इमारत, आणि भिंतीपलीकडून थंड हवेत वाफेचे लोट वर येत होते. केदारने फोटो काढला आणि निघाला.

"मला आत जायचंय," नेत्रा म्हणाली.

"कशात? बाथमध्ये? अगं, तिकीट बघ ना."

"बघितलं. मी कॉश्च्यूम आणलाय."

केदार थांबला. "यार नेत्रा, बी प्रॅक्टिकल. ओले कपडे सॅकमध्ये टाकलेस की वास बसेल. मग रिटर्न कशी करणार?"

"नको करूस रिटर्न."

"इंडियात जाताना एवढं सामान कुठे नेणार आहोत आपण?"

"आपण कुठेच जात नाहीयोत, केदार. ना तिकडे जातोय, ना इथे राहतोय. घरात एक खुर्ची धड वापरली नाहीये आपण. माझं सगळं चाललंय ते परत करायच्या बोलीवर चाललंय."

ती ओरडली नाही. पुढे होऊन तिने त्याच्या खांद्यावरून मला उतरवलं, पाठीवर घेतलं आणि तिकिटाच्या खिडकीकडे गेली. केदार बाकावर बसून राहिला. तिथल्या थंडीत त्याने कॉफीसुद्धा घेतली नाही, बाहेर महाग असते म्हणून.

पाण्यात ती कशी पोहली ते मला सांगता येणार नाही. मी तिथल्या कपाटात बंद होते. परत आली तेव्हा तिची बोटं सुरकुतली होती आणि ती स्वतःशीच हसत होती. तिने पोशाख पिळला आणि तसाच, केदारच्या इस्त्रीच्या शर्टावर, माझ्या आत टाकला. गरम पाणी माझ्या शिवणीत झिरपलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी कामाला लावलं होतं. मला फार बरं वाटलं.

घरी येऊन केदारने मला उन्हात ठेवलं, हेअर ड्रायर मारला, टाल्कम पावडर भुरभुरली आणि रविवारी मला दुकानात घेऊन गेला. भाजी आणायची होती म्हणून नेत्राही बरोबर होती. काउंटरवरच्या मुलीने माझी चेन उघडली. पावडरीचा ढग उठला. ती शिंकली.

"वॉज इट यूज्ड?" तिने विचारलं.

"नो, नो. ब्रँड न्यू. अवर ट्रिप गॉट कॅन्सल्ड," केदार म्हणाला. त्याचा चेहरा जराही हलला नाही.

मागे रांग होती. नेत्राने हात पुढे केला आणि मला काउंटरवरून ओढून घेतलं.

"वी वेंट," ती त्या मुलीला म्हणाली. "आय स्वॅम."

"अगं, लोक बघतायत," केदार कुजबुजला.

"बघू देत. ही माझी आहे. तू भाजी घेऊन ये." तिथेच उभं राहून तिने दातांनी माझा टॅग तोडला.

पुढच्या आठवड्यापासून ती गावातल्या सार्वजनिक तलावावर जाऊ लागली, आणि मी रोज ओली होऊ लागले. तिथल्या मुलांना ती बिनपगारी शिकवते. माझा रंग उडाला, चेन गेली. केदार अजून म्हणतो, की रिटर्न केली असती तर बरं झालं असतं. सोफ्याचं प्लॅस्टिक मात्र एके दिवशी नेत्राने कात्रीने कापून काढलं, तेव्हा त्याने तिला अडवलं नाही.

मित्रांनो, वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगते, पण वापरून जपा. कोऱ्या ठेवलेल्या वस्तूंची मला कीव येते आणि त्या कोऱ्या ठेवणाऱ्यांचा राग. आणि तुमच्या घरातलं एखादं माणूस नुसतं काठावर बसून राहिलं असेल, तर सामान भिजेल म्हणून त्याला अडवू नका. सॅक वाळते.